गुरुजींच्या ट्रॉलीचा उजवा दिवा

"उजवा म्हणालो मी, उजवा! यजमान, मागं उभे आहात का झोपलात? पेटला का नाही तेवढं सांगा!"

गुरुजी जीपच्या स्टिअरिंगमागून ओरडत होते आणि मी ट्रॉलीच्या शेपटाशी उभा राहून जे बघत होतो, ते सांगायला मला शब्द सापडंना. उजवा पेटला होता. पण त्याच्यासंगं डावाही पेटला होता. ब्रेकचे दोन्ही लाल पेटले होते, नंबरप्लेटवरचा पिटुकला पेटला होता, आणि सगळे मिळून, मानपान न मिळालेल्या व्याह्यांसारखे, मंद मंद धुमसत होते.

"गुरुजी, सगळेच पेटलेत!"

"सगळे कसे पेटतील? मी आवाहन एकालाच केलंय!"

"मग बाकीचे बिनबोलावता आलेत!"

गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. वरच्या गॅलरीत काकू, म्हणजे गुरुजींची बायको, वाळवणाची चादर झटकत होत्या. त्यांनी खाली न बघताच सांगितलं, "अहो, दूधवाला खोळंबलाय. तुम्ही डावीकडं जाणार का उजवीकडं, का उडणार, ते त्याला कळंना झालंय."

गुरुजी आमचे घरमालक. क्रांती चौकामागच्या एका गल्लीत, त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. आता ती खोली सुटली, पण तिथून निघताना माझं अर्धं हसू तिथंच राहिलं. गल्ली अशी की स्कूटर वळवायची तर आधी शेजाऱ्याला कुंडी उचलायला सांगावं लागायचं. अशा गल्लीत हा माणूस जीप ठेवायचा, आणि जीपला मागं ट्रॉली. गुरुजींची उंची एवढी, की दाराच्या चौकटीनं कपाळावर आपटून आपटून गंध लावायला आयतं कोंदण करून ठेवलं होतं. आवाज असा, की ते आमच्या गल्लीत सत्यनारायणाची पोथी सांगायला बसले, की पैठण गेटला प्रसाद वाटायला सुरुवात व्हायची.

घराणं पिढीजात भिक्षुकीचं. गुरुजींनी मधली वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, पण तिथंही म्हणे फाइल पुढं सरकवताना अक्षता टाकायचे. जगातला प्रत्येक पुरुष त्यांचा यजमान. मी यजमान, दूधवाला यजमान. ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी मारली तरी हे काच खाली करून विचारणार, "बोला यजमान, काय अडचण आहे घरात?" एका पोलिसानं खरंच सांगितली. त्याच्या पोराचं जमत नव्हतं. चौकाच्या मधोमध जीप उभी करून गुरुजींनी पत्रिका बघितली, आणि तेवढा वेळ जालना रोड आणि स्टेशन रोड एकमेकांची तोंडं बघत बसले.

ती ट्रॉली म्हणजे चाकावरचं मंगल कार्यालय. मोडीत निघालेल्या पाण्याच्या टँकरची चाकं, वर सागवानी फळ्या, आणि त्यावर घडीचा मांडव. चार खांब, कमान, झालर, होमकुंड, चौरंग, पाट, अंतरपाट, समिधांची पोती. यजमानांनी फक्त नवरा-नवरी आणायची. गुरुजी छातीवर हात ठेवून सांगायचे की, एकदा एका लग्नात नवरदेव सापडंना, तेव्हा तोही ट्रॉलीतच मिळाला. ही थाप आहे. तो रात्रीच्या जागरणानं झालरीवर झोपून गेला होता, एवढंच खरं.

आणि गुरुजींचं एक तत्त्वज्ञान होतं. ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी, मी अजून वळकटी खाली ठेवली नव्हती, तेव्हा ऐकवलं.

"यजमान, पूजेला बसलात की आधी काय करता?"

"हात धुतो."

"त्याच्यानंतर! हातावर पळीभर पाणी घेऊन सांगता, की मी अमुक गोत्राचा, अमुक देशात, गोदावरीच्या उत्तर तीरावर, अमुक कारणासाठी हे हे करणार आहे. ह्याला म्हणतात संकल्प. आधी सांगायचं, मग करायचं. गाडी वळवणं पण तसंच. दिवा न लावता वळला तो माणूस संकल्प न सोडता पंगतीला बसला. त्याला पुण्य नाय, आणि मागच्याला ब्रेक नाय."

हे ते नुसतं बोलत नसत. सिडकोत उजवीकडं वळायचं असलं, तर यांचा उजवा दिवा क्रांती चौकातच लागायचा. प्रत्यक्ष वळणावर आले की गाडी थांबवून अख्खा संकल्प पुटपुटायचे. एकदा सिग्नल हिरवा झाला, पिवळा झाला, पुन्हा लाल झाला, तरी यांचं "गोदावर्याः उत्तरे तीरे"च चाललं होतं. मागं एवढे हॉर्न वाजत होते की शेजारच्या बँडवाल्यानं वरात समजून ताशा काढला.

घोळ एवढाच होता की जीपचे दिवे ट्रॉलीच्या आड जायचे. ट्रॉलीला स्वतःचा एकही दिवा नव्हता. म्हणजे गुरुजी मनोभावे संकल्प सोडत, तो जाऊन आपटे ट्रॉलीच्या फळीवर. मागच्या माणसाला ना त्यांचं गोत्र कळे, ना दिशा.

व्हायचं तेच झालं. दौलताबादजवळच्या त्या अरुंद वेशीत बकऱ्या आडव्या आल्या, गुरुजींनी ब्रेक दाबला, आणि मागून पेरूंनी भरलेला टेम्पो सरळ ट्रॉलीत शिरला. कुणाला खरचटलं नाही. पण पेरू असे उधळले की किल्ल्यावरच्या तोफेला वाटलं असेल, आपली पाळी आली. होमकुंडात पेरू, कमानीत पेरू, पाटांच्या घडीत पेरू. पुढं कितीतरी दिवस गुरुजींच्या होमाला पेरूचा वास यायचा, आणि काही यजमान तो मुद्दाम मागून घ्यायचे.

काकू जीपमध्ये पुढच्या सीटवर होत्या. त्या खाली उतरल्या, पदर झटकला, आणि येणाऱ्या एसटीला हात करून घरी निघून गेल्या. काकूंचं बोलणं मोजकं, जणू शब्द रेशनवर मिळायचे. संध्याकाळी गुरुजी घरी आल्यावर त्यांनी सगळ्या रेशनचा एकदम खुर्दा केला.

"मागचे दिवे जीपसारखे लागल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाय. आणि मी बसणार नाय, तर पोरीच्या लग्नाला ती ट्रॉलीही येणार नाय. थर्माकोलवाल्याला सांगून टाकू."

आता इथं गुरुजींचं तोंड बघायला पाहिजे होतं. त्यांची एकुलती एक लेक वाळूजला एका कंपनीत होती, तिचं लग्न मार्गशीर्षात वेरूळला ठरलेलं. वरपक्षानं एक सजावटवाला गाठला होता, आणि तो थर्माकोलचं कैलास लेणं उभं करणार होता. वेरूळमध्ये. खरं लेणं चालत जायच्या अंतरावर असताना! गुरुजींनी व्याह्यांना हात जोडून सांगितलं होतं की मांडव माझा येईल, माझ्या ट्रॉलीवरून. कारण ही पोर त्याच मांडवाचा खांब धरून उभी राहायला शिकली होती. बाप दुसऱ्याच्या पोरींच्या मंगलाष्टका म्हणायचा, तेव्हा ही झालरीच्या घडीवर झोपलेली असायची.

"अर्ध्या जिल्ह्याच्या पोरी ह्या मांडवातून सासरी धाडल्या मी," गुरुजी मला जिन्यात गाठून म्हणाले, "आणि माझ्या पोरीला थर्माकोल? यजमान, दिवे लागलेच पाहिजेत."

स्टेशन रोडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी ट्रॉलीला मागं दोन्ही बाजूंनी दिवे बसवले, जीपच्या मागं एक गोल सॉकेट लावलं आणि ट्रॉलीच्या तारा त्याच्या प्लगमध्ये आणून सोडल्या.

"देखो गुर्जी," चाचा म्हणाले, "जीप के तारां अलग, ट्रॉली के तारां अलग. दोनों का रिश्ता लगाना पडता."

"मग गोत्र बघून लावा," गुरुजी म्हणाले. "जीपचा उजवा तो ट्रॉलीचा उजवा. ब्रेकला ब्रेक. एकही मंगळाचा निघता कामा नाय."

"और अर्थिंग हूक से मिल जाती. करंट तार से जाता, लोहे से वापस आता. लोहे को लोहा लगा है, होर क्या होना?"

म्हणजे दिव्यात गेलेली वीज परत जीपकडं यायची ती जीपचा हूक आणि ट्रॉलीची कडी जिथं एकमेकांना घासतात, तिथून. त्यासाठी वेगळी तार चाचांनी ओढली नाही, कुणीच ओढत नाही. दिवे लागले. असे लागले, की जीपनं पापणी लववली की ट्रॉलीनंही लववावी. गुरुजींनी गल्लीभर पेढे वाटले. मुंजीत बटूच्या नावानं वाटावेत तसे, ट्रॉलीच्या नावानं.

आठवडा नाही झाला तोच खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा. लोक गाडी पुसतात, हार घालतात, बोनेटवर स्वस्तिक काढतात, की झालं. गुरुजींना एवढ्यानं समाधान कुठलं? त्यांनी ट्रॉलीला अभ्यंगस्नान घातलं. मग तिला हिरवा ऑइलपेंट चढवला, हुकासकट, कडीसकट. आणि मग, सगळा भार जो सोसतो त्या हुकाचा मान मोठा म्हणून, त्यावर तेलात कालवलेला शेंदूर असा थापला, असा थापला, की शनिवारी सकाळी दोन बायका त्याला मारुती समजून तेल घालून गेल्या.

त्या दिवसापासून दिव्यांचं डोकं फिरलं. उजवा लावला की सगळे धुमसायचे. ब्रेक दाबला की डावा विझायचा. चाचांनी बल्ब बदलले, होल्डर बदलले, तारा बदलल्या, शेवटी चष्मा बदलला. गुरुजी मागं लागले, की रिश्ता लावताना तुम्ही काहीतरी लपवलंत. चाचा हात वर करून म्हणाले, "गुर्जी, तुमारी ट्रॉली पे जिन बैठा. मेरेकू बख्शो." मग गुरुजींनी ट्रॉलीची उदकशांत केली. मला यजमान म्हणून पाटावर बसवलं, ट्रॉलीवर दर्भानं पाणी शिंपडलं. उदकशांत झाल्यावर किल्ली फिरवली, तर दिवे होते तसेच, आणि वर आता हॉर्नही आपोआप वाजायला लागला. देवानं आशीर्वाद दिला, पण पत्ता चुकला.

एका संध्याकाळी लेक वाळूजहून आली. आम्ही दोघं ट्रॉलीखाली उताणे पडलो होतो. ती वाकून म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. थर्माकोल तर थर्माकोल. मंगलाष्टका तर तुम्हीच म्हणणार."

गुरुजी बाहेर आले, हात पुसले आणि घरात गेले. त्या संध्याकाळी त्यांनी कुणालाच यजमान म्हटलं नाही. मला तर नुसतं "अहो" म्हणाले. मला ते अहो फार लागलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच सजावटवाल्याचा फोन आला. कैलास टेम्पोत चढवू का? काकूंनी त्याला दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. गुरुजींनी त्या दिवशी संध्या करायला जागा निवडली ती हुकाशेजारी, रस्त्यावर. पाट मांडला, पुढं ताम्हण, पंचपात्री, आणि आजोबांची तांब्याची पळी. जीपची किल्ली चालू, उजवा दिवा लावलेला, मागं सगळे दिवे तसेच कुढत बसलेले. मी नेहमीच्या जागी, शेपटाशी, कडेनं डोकावत.

आचमन करता करता गुरुजी थांबले. पळीकडं बघितलं, हुकाकडं बघितलं. मग अस्सल भिक्षुकी संतापानं, "काय पाहिजे तरी काय तुला? घे! तूच घे आचमन!" असं ओरडून त्यांनी पळी हूक आणि कडीच्या फटीत अशी खुपसली, की शेंदराचं ढेकूळ उडून माझ्या कपाळाला लागलं.

आणि उजवा दिवा भक्ककन पेटला. एकटा. झगझगीत. बाकीचे सगळे गप.

"गुरुजी, एकटाच!"

"कोण एकटाच?"

"उजवा! एकटाच पेटला! बाकीचे झोपले!"

गुरुजींनी पळी काढली. सगळे धुमसले. पळी घातली. एकटा उजवा. पळी काढली, घातली, काढली, घातली. मग त्यांनी हुकावर नखानं खरवडून बघितलं. वर शेंदूर, खाली ऑइलपेंटचा जाड थर. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. वीज जायची, पण घरी परतायला तिला वाटच नव्हती, म्हणून ती बिचारी दुसऱ्या दिव्यांच्या दारोदार फिरत होती. गुरुजींनी कपाळावर हात मारला, नेमका कोंदणात.

"पूजा पण मीच घातली," ते म्हणाले, "आणि वाट पण मीच अडवली."

मी पटकन चाकू आणायला धावलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "यजमान! खंडेनवमीचा शेंदूर खरवडायचा? लग्नाच्या तोंडावर?"

"मग करायचं काय?"

"पळी राहील."

मग आजोबांची पळी हातोडीनं फटीत ठोकून बसवली, आणि वरून मांडवाच्या सुतळीनं आवळली. डावा बघितला, उजवा बघितला, ब्रेक बघितला. सगळे आपापल्या आवाहनाला हजर, दुसऱ्याच्या पंगतीत कुणी नाही. वार्ता ऐकून चाचा स्टेशन रोडवरून पळत आले. त्यांनी वाकून बराच वेळ हूक बघितला.

"गुर्जी, ये कौनसी कंपनी का पार्ट है?"

"आमच्या आजोबांच्या."

गॅलरीतून काकूंचा आवाज आला. "लागले?"

"लागले काकू!" मी कपाळावरचा शेंदूर पुसत ओरडलो.

"जीपसारखे?"

"जीपनं ह्यांच्याकडं शिकवणी लावावी असे!"

"बरं," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या. सजावटवाल्याचं कैलास गोदामातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू शालू नेसून, दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या. मागं नवरी आणि तिच्या मैत्रिणी, त्यांच्यामागं ट्रॉलीवर मांडव, त्यामागं मोटारसायकलवर मी, आणि माझ्यामागं पाहुण्यांची बस. मी आयुष्यात बऱ्याच मिरवणुका बघितल्या, पण असा देखणा उजवा दिवा बघितला नाही. नगर नाक्याच्या कितीतरी आधी तो लागला, तर पलीकडच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा आदरानं थांबली. दौलताबादच्या वेशीत बकऱ्या पुन्हा आडव्या आल्या. त्या बकऱ्यांना गुरुजींच्या गाडीचं काय आकर्षण होतं देव जाणे. गुरुजींनी ब्रेक दाबला, आणि ट्रॉलीचे दोन्ही लाल दिवे समईसारखे उजळले. मी थांबलो, बस थांबली, बसमागचे दोन ट्रक, एक ट्रॅक्टर आणि वेरूळला निघालेली परदेशी पाहुण्यांची गाडी, सगळे शहाण्यासारखे थांबले. बकऱ्यांनासुद्धा एवढ्या मानाची सवय नसावी. त्या लाजून पळाल्या.

मांडव उभा राहिला. त्याच्याखाली पोर जरीच्या साडीत अशी दिसत होती, की थर्माकोल काय, खऱ्या कैलासालाही कुणी वळून बघितलं नसतं. मंगलाष्टका गुरुजींनीच म्हटल्या, मग कन्यादानाची वेळ आली. आता गुरुजी बापाच्या पाटावर होते, पौरोहित्य त्यांचा गुरुबंधू करत होता. त्यानं हात पुढं केला.

"पळी?"

गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं, आणि भर मांडवात सांगितलं, "हुकात आहे."

मी धावलो. सुतळी दातानं तोडली, पायानं हूक रेटून पळी ओढली. ती निघाली तेव्हा तिची मान मुरगळलेली, अर्ध्या अंगाला शेंदूर आणि उरलेल्याला ग्रीस. गुरुबंधूनं नाक मुरडलं. गुरुजींनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, पाणी घेतलं आणि लेकीच्या ओंजळीवर सोडायला लागले. वाकड्या पळीतून पाणी भलतीकडंच जाऊ लागलं, तेव्हा पोरीनंच ओंजळ सरकवून ते झेललं. आणि ज्या माणसाचा संकल्प अख्ख्या चौकाला ऐकू जायचा, त्याचा आवाज त्या वेळी पहिल्या रांगेतल्या मलाही ऐकू आला नाही. ओठ हलताना तेवढे दिसले.

लेक सासरी गेली. पाहुणे बसमध्ये बसले. मी झालरीच्या घड्या घालत होतो, काकू अंतरपाटाला लागलेल्या अक्षता वेचत होत्या. गुरुजी ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून बसले होते, वाकडी पळी हातात. बराच वेळ ते काकूंकडं बघत राहिले, पोर परीक्षेचा निकाल बघतं तसे. शेवटी राहवेना.

"मग? कसे वाटले दिवे?"

काकूंनी अंतरपाट झटकला, त्याची घडी घातली.

"मला काय माहीत? मी पुढं बसले होते."